झाकणभर पाणी

माझ्या आईची एक चाची होती. आम्ही पोरं तिला चाचीनानी म्हणायचो. रत्नागिरीकडच्या आमच्या खाडीकाठच्या गावात घरटी एखादा तरी माणूस बोटीवर असायचा. चाचीनानीचा नवराही खलाशी होता. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली त्याची बोट बुडाली. काही खलाशी वाचून परत आले. याचं मात्र काहीच कळलं नाही. घरी एक कागद आला. माणूस बेपत्ता आहे, एवढंच त्यावर लिहिलेलं होतं.

मला समजायला लागलं तेव्हा चाळीस वर्षं उलटून गेली होती आणि चाचीनानी साठीला आली होती. नमाज झाली की ती दुआसाठी हात उचलायची आणि बराच वेळ नुसतीच बसून राहायची. ओठ हलायचे नाहीत. एकदा मी विचारलं, "चाचीनानी, काय मागतेस गं?" ती म्हणाली, "तेच तर समजत नाय रे. जिता असेल तर सलामतीची दुआ मागायची, गेला असेल तर मगफिरतीची. तूच सांग, कोणती मागू?"

नवऱ्याचा चार वर्षं ठावठिकाणा लागला नाही, तर मुस्लिम स्त्रीला निकाह मोडून मागण्याचा हक्क १९३९च्या कायद्याने दिलेला होता. चाचीनानीने तो कधी मागितला नाही. तिला नवा संसार नको होता. तिला फक्त पत्ता हवा होता.

'बेपत्ता' हा शब्द आपण वर्तमानपत्रात रोज वाचतो आणि पुढे जातो. त्या शब्दाच्या पोटात काय असतं, हे मला चाचीनानीच्या उचललेल्या हातांनी शिकवलं. म्हणूनच पुढे एका वाचनालयात, जुन्या इंग्रजी मासिकात, वाळवंटात हरवलेल्या एका बॉम्बफेकी विमानाची हकिकत वाचली तेव्हा ती डोक्यातून जाईना. आज तीच सांगतो.

रविवार, ४ एप्रिल १९४३. उत्तर आफ्रिकेतल्या लिबियात, बेनगाझी शहराच्या दक्षिणेला सुलूक नावाचं ठिकाण आहे. अमेरिकी हवाई दलाचा तिथे तळ होता. त्या दुपारी तळावरून २५ विमानं इटलीतल्या नेपल्स बंदरावर बॉम्ब टाकायला निघाली. जर्मन आणि इटालियन फौजा तेव्हा ट्युनिशियात अखेरची झुंज देत होत्या आणि त्यांना लागणारी रसद इटलीच्या बंदरांतून येत होती.

ही विमानं होती बी-२४ लिबरेटर जातीची. चार इंजिनांचं, लांब पल्ल्याचं हे अवजड विमान. युद्धकाळात अशी १८ हजारांहून अधिक विमानं बांधली गेली. त्यातल्याच एकाच्या नाकाडावर 'लेडी बी गुड' असं नाव रंगवलेलं होतं. विमान कोरं होतं, तळावर येऊन त्याला दोन आठवडेही झाले नव्हते. त्यातली नऊ माणसंही नवीनच. या तुकडीची ही पहिलीच मोहीम.

त्यांची नावं सांगतो, कारण ही गोष्ट नावांचीच आहे. वैमानिक विल्यम हॅटन, न्यूयॉर्कचा. सहवैमानिक रॉबर्ट टोनर, मॅसॅच्युसेट्सचा. दिशादर्शक डी. पी. हेज, मिसुरीचा. बॉम्ब टाकण्याची जबाबदारी जॉन वोराव्हकाकडे, तो ओहायोचा. इंजिनांची देखभाल हॅरॉल्ड रिपस्लिंगरकडे आणि रेडिओ रॉबर्ट लामॉटकडे, हे दोघे मिशिगनचे. आणि बंदुका सांभाळणारे तिघे : गाय शेली, व्हर्नन मूर आणि सॅम्युअल अ‍ॅडम्स. बहुतेक सगळे विशीतले. त्यांतल्या कुणी आयुष्यात असलं वाळवंट पाहिलं असण्याची शक्यता कमीच.

सुरुवातच बिघडली. उड्डाणाच्या वेळी वाळूचं वादळ सुटलं होतं. 'लेडी बी गुड' शेवटी शेवटी निघालेल्या विमानांपैकी. इंजिनात वाळू गेल्यामुळे काही विमानं वाटेतूनच माघारी फिरली. हॅटन पुढे जात राहिला. रात्री आठच्या सुमाराला ते नेपल्सजवळ पोहोचले, पण अंधारामुळे लक्ष्य दिसेना. शेवटी बॉम्ब समुद्रात टाकून विमान परत वळलं. आता भूमध्य समुद्र ओलांडायचा, किनारा आला की सुलूक. वाट सरळ होती, पण रात्र अंधारी होती आणि सोबतीला एकही विमान नव्हतं.

मध्यरात्र उलटल्यावर, बारा वाजून बारा मिनिटांनी, हॅटनने रेडिओवरून बेनगाझीजवळच्या बेनिना केंद्राकडे दिशा विचारली. केंद्राने सांगितलं, ३३० अंश. म्हणजे वायव्य. विमान केंद्राच्या वायव्येला, अजून समुद्रावर आहे, असा अर्थ सगळ्यांनी घेतला.

इथे थोडं थांबावं लागेल. तुमच्यापैकी काही जण हे ट्रान्झिस्टरवर ऐकत असाल. ट्रान्झिस्टर हातात घेऊन सावकाश गोल फिरवून पाहा. एका बाजूला आवाज खणखणीत येतो, थोडा फिरवला की बारीक होतो. आणखी फिरवून पार उलटा केला की पुन्हा तेवढाच खणखणीत. याचा अर्थ केंद्र कोणत्या रेषेवर आहे ते ट्रान्झिस्टर सांगू शकतो, पण ते समोर आहे की पाठीमागे, हे त्याला सांगता येत नाही. त्या काळचं दिशा शोधणारं साधं यंत्र असंच होतं. वायव्येकडून येणारं विमान आणि पुढे निघून आग्नेयेला गेलेलं विमान, दोन्हीला त्याचं उत्तर एकच.

पुढे या घटनेचा जो उलगडा मांडला गेला तो असा. विमानाला पाठीमागून जोराचा वारा होता. त्यामुळे ते हिशेबापेक्षा लवकर किनाऱ्यावर आलं आणि तळ ओलांडून वाळवंटावर गेलं. तळावरच्या लोकांनी डोक्यावरून विमान गेल्याचा आवाज ऐकला, प्रकाशाचे बाणही आकाशात सोडले. ते वरच्यांना दिसले नाहीत. खाली काळोख होता आणि काळोखात समुद्र आणि वाळवंट सारखंच दिसतं. आपण समुद्रावर आहोत, किनारा आत्ता येईल, असं म्हणत ते आणखी दोन तास उडत राहिले. प्रत्येक मिनिटाला घर मागे पडत होतं.

पहाटे दोनच्या सुमारास इंधन संपत आलं आणि नऊही जणांनी पॅराशूट बांधून अंधारात उड्या घेतल्या. आपण पाण्यात पडणार, अशीच त्यांची अपेक्षा असणार. पायाखाली आली ती वाळू.

सकाळी तळावर एकाच विमानाची जागा रिकामी होती. वरिष्ठांनी अंदाज बांधला, की ते समुद्रात पडलं असणार. अंदाज चुकीचा म्हणता येत नाही, रेडिओवरचं उत्तरही तेच सांगत होतं. शोध समुद्रावर घेण्यात आला. काहीच मिळालं नाही. नऊ घरांना तारा गेल्या. कागदावर तोच शब्द, जो आमच्या गावी आला होता. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं आणि मग वाट पाहायची.

अशी पंधरा वर्षं गेली.

१९५८ साली लिबियात तेल शोधणाऱ्या ब्रिटिश कंपनीच्या लोकांना विमानातून खाली वाळवंटात एक मोडकं विमान दिसलं. २७ फेब्रुवारी १९५९ रोजी त्यांचे तिघे जण जमिनीवरून तिथे जाऊन पोहोचले. कालांशियोच्या वाळूसागराजवळ, समुद्रकिनाऱ्यापासून सुमारे ७०० किलोमीटर आत 'लेडी बी गुड' पोटावर टेकलेलं होतं. शेपटीकडचा भाग तुटलेला, पण बाकी बरंचसं शाबूत. वैमानिक नसताना ते आपोआप तरंगत खाली आलं होतं. कोरड्या हवेनं सगळं जपून ठेवलं होतं. बंदुका चालत होत्या. रेडिओ चालत होता. थर्मासमधलं पेय पिण्यासारखं निघालं. विमानात खायचं होतं, पाणी होतं. माणूस मात्र एकही नव्हता आणि पॅराशूटही नव्हती. म्हणजे सगळे उडी मारून बाहेर पडलेले. मग गेले कुठे?

त्या उन्हाळ्यात अमेरिकी लष्कराचं पथक शोधाला आलं. विमानाच्या उत्तरेला त्यांना वैमानिकाच्या बुटांची जोडी सापडली. ती अशीतशी पडलेली नव्हती. टोकं जुळवून, बाणासारखी मांडून ठेवलेली होती. बाण वायव्येकडे. पुढे पॅराशूटचं कापड कापून, वर दगड ठेवून केलेल्या खुणा. त्यानंतर आणखी खुणा. कुणीतरी मागून येईल, त्याला आपला माग लागावा, म्हणून ही सोय. पथक त्या खुणांच्या मागे मागे गेलं. पुढे वाळूच्या टेकड्या लागल्या आणि खुणा संपल्या. इतक्या थोड्या पाण्यावर माणूस फार तर चाळीस-पन्नास किलोमीटर चालेल, असं जाणकारांचं गणित होतं. त्याच्या कितीतरी पुढेपर्यंत शोध घेऊन पथक रिकाम्या हातांनी परतलं.

गणित चुकलं होतं. ११ फेब्रुवारी १९६० रोजी तेल कंपनीच्याच लोकांना पाच जणांचे अवशेष एकत्र सापडले. हॅटन, टोनर, हेज, लामॉट आणि अ‍ॅडम्स. उडी मारली त्या जागेपासून सुमारे १३० किलोमीटरवर. शेजारी पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, बॅटऱ्या, पॅराशूटचे तुकडे. आणि टोनरच्या खिशात एक छोटी डायरी.

या डायरीमुळे आठ दिवसांचा हिशेब कळला. मी कविता लिहितो, शब्दांशी रोज झटापट असते, पण इतक्या कमी शब्दांत इतकं सांगणारं गद्य मी फार थोडं वाचलं आहे. रोजच्या तीन-चार ओळी. त्यांत काय आहे ते माझ्या शब्दांत सांगतो.

पहिल्या नोंदीत नेपल्स, गोंधळ, वाट चुकणं, उडी. कुणाला फार लागलेलं नाही. फक्त जॉन सापडत नाही. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, वायव्येकडे चालायला सुरुवात. जॉन अजून नाही. खायला जरासं, आणि पाणी किती? आठ जणांत मिळून अर्धी बाटली. माणशी दिवसाला एक झाकण.

एक झाकण, मंडळी. बाटलीच्या तोंडावर बसतं ते झाकण. आपण दाढी करताना याहून जास्त पाणी सांडतो.

मंगळवारी दुपारचं ऊन असह्य, रात्री चालणं. पंधरा मिनिटं चालायचं, पाच मिनिटं थांबायचं. बुधवारी सगळेच थकलेले, झोप नाही, सारखी प्रार्थना. गुरुवारी वाळूच्या टेकड्या लागल्या. वाळू उडते आहे, लामॉटची दृष्टी गेली आहे, बाकीच्यांचेही डोळे बिघडलेत. तरी चालणं वायव्येकडेच. शुक्रवारी शेली, रिपस्लिंगर आणि मूर मदत आणायला पुढे गेले. उरलेल्या पाचांना पाऊल टाकवत नाही. शनिवारी पुन्हा प्रार्थना. आकाशात एक-दोन पक्षी दिसले, त्याचीही नोंद आहे. रविवारी, घर सोडून आठवडा झाला त्या दिवशी, तो लिहितो की पाणी असतं तर अजून निभावलं असतं, आता जीभ ओली होण्यापुरतंच उरलं आहे. आशा आहे, असंही लिहितो. सोमवार, १२ एप्रिलची नोंद सगळ्यांत छोटी. मदत आली नाही. रात्री फार थंडी होती. बस्स.

या डायरीत मला दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे, सगळीकडे 'आम्ही' आहे. लिहिणाऱ्याने आपलं वेगळं दुःख कुठेच मांडलेलं नाही. लामॉटचे डोळे, सॅम आणि मूरचा थकवा, जॉनचा न लागलेला ठाव यांचीच नोंद आहे. आणि दुसरी, पाण्याची. आठ तहानलेली माणसं आणि अर्धी बाटली. कुणीही ती हिसकावून घेऊ शकला असता. वर अंधारात, खाली वाळू, पाहायला कोण होतं? पण पाणी शेवटपर्यंत झाकणाने मोजून वाटलं गेलं. आठव्या दिवशीही थोडं उरलेलं आहे, जीभ टेकवण्यापुरतं. वाटणीशिवाय अर्धी बाटली आठ दिवस टिकत नाही.

ही हकिकत सांगताना लोक बहुधा दैवाचा खेळ सांगतात. आणि तो आहेच. ते वायव्येला निघाले आणि त्यांचं विमान, त्यातलं पाणी, खाणं आणि चालू रेडिओ, त्यांनी उडी मारली तिथून दक्षिणेला फक्त २६ किलोमीटरवर होतं. उलट दिशेला चालले असते तर दुसऱ्या दिवशी विमानाजवळ असते. पण ते त्यांना कळणार कसं? विमान पडून चुराडा झालं असणार, असंच कुणीही समजेल. आणि समुद्र जवळ आहे अशी खात्री. आपण किनाऱ्यापासून सहाशे किलोमीटरहून अधिक आत आहोत, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. पहिला आकडा चुकलेला असला, तर पुढची बेरीज कितीही नीट केली तरी उत्तर चुकतंच. आकाशात एक आकडा चुकला. जमिनीवर आल्यावर मात्र त्यांनी जी जी बेरीज केली, ती नीट केली.

म्हणूनच मला विमान चुकलं कसं, यापेक्षा माणसं सापडली कशी, हे जास्त मोलाचं वाटतं. ती सापडली त्यांच्या खुणांमुळे आणि त्यांच्या चालण्यामुळे. बूट बाणासारखे मांडायला वाकावं लागतं. वाळवंटात दगड शोधून आणावा लागतो. घसा कोरडा पडलेला असताना पेन्सिल हातात धरावी लागते. हे सगळं त्यांनी स्वतःच्या सुटकेसाठी केलं, हे खरंच. पण सुटका झाली नाही तरी ती मेहनत वाया गेली नाही. सतरा वर्षांनी तिनेच त्यांचा पत्ता सांगितला.

त्या पाचांनंतर लष्कराने आणि हवाई दलाने पुन्हा मोठी शोधमोहीम काढली. मे १९६० मध्ये मदत आणायला गेलेल्या तिघांपैकी शेली आणि रिपस्लिंगर सापडले. दोघेही त्या पाचांपासून आणखी तीस-चाळीस किलोमीटर पुढे गेलेले. एक झाकण पाण्यावर, डोळे अधू झालेले असताना, वाळूच्या टेकड्या चढत-उतरत. ऑगस्टमध्ये वोराव्हका सापडला, डायरीच्या पहिल्या दोन नोंदींत ज्याची आठवण आहे तो जॉन. त्याचं पॅराशूट नीट उघडलंच नव्हतं. सोबती हाका मारत होते, तेव्हा तो गेलेला होता. एका अर्थी त्याची सुटका आधी झाली.

आठ जणांचे अवशेष मायदेशी नेऊन दफन करण्यात आले. त्रिपोलीजवळच्या अमेरिकी तळाच्या चर्चमध्ये त्यांच्या स्मरणार्थ रंगीत काचेची खिडकी बसवली होती. १९७० साली अमेरिकनांनी तो तळ सोडला. ती खिडकी आता ओहायोमधल्या डेटन इथल्या हवाई दलाच्या संग्रहालयात आहे. विमानाचा सांगाडा १९९४ साली लिबियाच्या लोकांनी उचलून टोब्रुकला नेला.

राहिला व्हर्नन मूर. ओहायोमधल्या न्यू बोस्टनचा. मदत आणायला निघालेल्या तिघांपैकी तिसरा. तो अधिकृतपणे सापडलाच नाही. १९५३ साली, म्हणजे विमानाचा शोध लागण्याच्याही आधी, त्या भागातून जाणाऱ्या एका ब्रिटिश तुकडीला एका माणसाचे अवशेष मिळाले होते. कुणाचे ते ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनी ते तिथेच पुरले. ते मूरचे असावेत, असं पुढे बोललं गेलं. नक्की काही ठरलं नाही. आठ घरांना पत्ता मिळाला, नवव्या घराला नाही.

त्या नवव्या घरात कुणी कोणती प्रार्थना केली असेल, याचा विचार माझ्या मनात येतो. धर्म वेगळा, भाषा वेगळी. पण 'सुखरूप ठेव' म्हणावं की 'शांती दे' म्हणावं, हा घोटाळा सगळ्या भाषांत सारखाच असणार.

चाचीनानी गेली तेव्हा मी कॉलेजात होतो. दफन करून आम्ही पुरुषमंडळी घरी आलो तेव्हा आई ओसरीवर बसली होती. तिने हात उचलले आणि चाचीबरोबर चाचाचंही नाव घेऊन मगफिरतीची दुआ मागितली. पन्नास वर्षांत आमच्या घरात त्याच्यासाठी ती दुआ पहिल्यांदाच मागितली गेली. चाचीनानी असेपर्यंत तसं मागण्याची कुणाची हिंमत झाली नव्हती.

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)